उज्जीयाचे धुपाटणे: इस्राएलाच्या राजाची पावले मंदिरात कुठवर जात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायबलच्या जुन्या करारातल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २६) यहूदाचा उज्जीया राजा मंदिरात धूप जाळायला शिरतो, याजक (पुरोहित) त्याला अडवतात आणि तिथल्या तिथे त्याच्या कपाळावर कोड उठते. त्याच्या आधीचा दावीद राजा मात्र एफोद (याजकाचे वस्त्र) घालून नाचतो, होमार्पणे करतो, लोकांना आशीर्वाद देतो. त्याचा मुलगा शलमोनही अर्पणे करतो, आशीर्वाद देतो, आणि दोघांना काहीच होत नाही. मग प्राचीन इस्राएलात राजाला पूजेचा अधिकार होता की नव्हता? शिवाय स्तोत्रांत राजाला देवाचा पुत्र म्हटले आहे, तर हे लोक राजाला देव मानत होते का?

मी सत्तावीस वर्षे हिब्रू आणि जुना करार शिकवतो आहे. दर दोन-तीन वर्षांनी वर्गात हा प्रश्न निघतोच, आणि ज्याने दोन्ही पुस्तके खरोखर वाचली आहेत असाच विद्यार्थी तो काढतो. आधी उत्तर सांगून टाकतो. राजाला पूजेचा अधिकार होता. पुढे तो आखडत गेला, आणि उज्जीयाची गोष्ट तो आखडल्यानंतर लिहिली गेली. राजाला देव ते मानत नव्हते, पण देवाच्या इतक्या जवळ बसवत होते की आपला गैरसमज व्हावा.

आता सावकाश.

राजे येण्यापूर्वीची परिस्थिती पाहिल्याशिवाय यातले काही नीट समजत नाही. शास्ते या पुस्तकात (अध्याय १७) मीखा नावाच्या माणसाची गोष्ट आहे. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातला हा गृहस्थ घरातच देवघर करतो, एफोद करवून घेतो आणि स्वतःच्या एका मुलाला याजक नेमतो. काही दिवसांनी बेथलेहेमचा एक तरुण लेवी (याजकी सेवेच्या वंशातला माणूस) कामाच्या शोधात दारात येतो. मीखा त्याला वर्षाला चांदीचे १० शेकेल, एक कपड्यांचा जोड आणि जेवण या बोलीवर ठेवून घेतो. म्हणजे लेवी मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर घरचा मुलगा चालतो. गिदोन वेदी बांधतो, मानोहा खडकावर अर्पण करतो, आणि त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही कोणत्या वंशाचे. घरचा कर्ता घरच्यासाठी अर्पण करत असे. राजा हा साऱ्या राष्ट्राचा कर्ता, म्हणून त्याने राष्ट्रासाठी अर्पण करणे लोकांना स्वाभाविक वाटले असणार.

शेजारी पाहिले तरी तेच दिसते. सीदोनचा राजा तबनीत याची शवपेटी १८८७ मध्ये सापडली, आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर तो स्वतःची ओळख करून देतो ती अशी: अष्टार्तेचा याजक, सीदोनकरांचा राजा. याजकपण आधी, राजेपण नंतर, आणि बापाचीही ओळख त्याच क्रमाने. अश्शूरचे राजे स्वतःला अश्शूर देवाचे पुरोहित म्हणवत. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला, त्यात कमोश देवासाठी उच्च स्थान (उंचावरचे पूजास्थान) बांधल्याचे तो अभिमानाने सांगतो. १ शमुवेल ८ मध्ये लोक शमुवेल संदेष्ट्याकडे 'सर्व राष्ट्रांना असतो तसा' राजा मागतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हे असेच राजे होते.

'पण पहिला राजा शौल, त्याला शमुवेलाने याच कारणासाठी झापले ना?' असे लगेच विचारले जाते. १ शमुवेल १३, गिलगाल. सात दिवस वाट पाहून शमुवेल येत नाही, सैन्य पांगू लागते, शौल होमार्पण उरकतो, आणि धूर विरतोय तोवर शमुवेल हजर. हा उतारा हिब्रूत पुन्हा वाचा. शमुवेल म्हणतो, तू परमेश्वराची आज्ञा पाळली नाहीस. 'तू याजक नाहीस' असे तो म्हणत नाही. पुढच्याच अध्यायात (१४:३५) शौल वेदी बांधतो, लेखक वर टीप देतो की त्याने बांधलेली ही पहिली वेदी, आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही. गंमत म्हणजे झापणारा शमुवेल तरी कोण? १ शमुवेलाच्या पहिल्या वचनात त्याचा बाप एफ्राइमी म्हणून ओळखला जातो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय ६) मात्र शमुवेलाला लेवींच्या वंशावळीत व्यवस्थित बसवलेले आहे. इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्याचा हा हात लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

दावीदाचे म्हणाल तर २ शमुवेल ६ सारखे दृश्य साऱ्या जुन्या करारात दुसरे नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमेत येतो आहे. वाहणारे सहा पावले चालले की दावीद एक बैल आणि एक पुष्ट वासरू कापतो. अंगावर तागाचा एफोद, म्हणजे याजकाचा पोशाख. तो जीव तोडून नाचतो. मग होमार्पणे, शांत्यर्पणे, सेनाधीश परमेश्वराच्या नावाने लोकांना आशीर्वाद, आणि शेवटी बाई-पुरुष सगळ्यांना प्रत्येकी भाकर आणि मनुकांची ढेप. खिडकीतून पाहणाऱ्या मीखलेला, त्याच्या बायकोला, हे उघडेवाघडे नाचणे राजाला शोभत नाही असे वाटते. तिचा आक्षेप अब्रूचा आहे, अधिकाराचा नाही. दावीदाला हे करण्याचा हक्क होता की नव्हता हा प्रश्न त्या अध्यायात कोणाच्याच मनात येत नाही.

त्याहून मोठा पुरावा दोन अध्याय पुढे, दरबाऱ्यांच्या रुक्ष यादीत दडलेला आहे. २ शमुवेल ८:१८, शेवटचे चार शब्द: 'दावीदाचे पुत्र कोहनीम होते'. कोहनीम म्हणजे याजक, त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही. दावीद यहूदा वंशाचा, त्याची मुले याजकांचा मूळपुरुष अहरोन याच्या घराण्यातली असणे शक्यच नाही. ग्रीक भाषांतरकारांना हे पचले नाही, त्यांनी 'दरबारातले प्रमुख' केले, आणि पुढच्या अनेक भाषांतरांनी तीच वाट धरली. मी नवा असताना या वचनावर भाषांतराच्या भरवशावर 'अधिकारी' असे सांगून मोकळा झालो होतो. मागच्या बाकावरच्या एकाने हिब्रू प्रत उचलून विचारले, 'सर, इथे कोहनीम कसे?' त्या दिवसापासून यादी कितीही कंटाळवाणी असो, मूळ उघडल्याशिवाय मी वर्गात जात नाही. आता हीच यादी १ इतिहास १८:१७ मध्ये पाहा: 'दावीदाचे पुत्र राजाच्या हाताशी पहिले होते'. कोहनीम गेले, 'पहिले' आले. तोच हात.

इथे एक सावधगिरी हवी. 'राजाने अर्पण केले' असे वाक्य आले की राजाने स्वतः सुरी धरली असे दर वेळी समजू नये. आपल्याकडे यजमान आणि पुरोहित हा भेद आहे, तो इथे उपयोगी पडतो. मंदिराच्या समर्पणाला शलमोनाने २२,००० बैल आणि १,२०,००० मेंढरे अर्पण केली असे १ राजे ८ म्हणते. आकडा फुगवलेला मानला तरी हे एका माणसाच्या हातचे काम नाही. तो यजमान. पण काही ठिकाणी लेखक मुद्दाम हात दाखवतो. २ राजे १६ घ्या. आहाज राजा अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर तिसरा याला भेटायला दिमिष्कास (दमास्कसला) जातो. तिथली वेदी त्याला आवडते, तिचा नकाशा आणि नमुना तो यरुशलेमेत उरीया याजकाकडे पाठवतो, आणि राजा परतेपर्यंत वेदी बांधून तयार. मग क्रियापदे मोजा: राजाने वेदी पाहिली, जवळ गेला, वर चढला, होमार्पण जाळले, अन्नार्पण जाळले, पेयार्पण ओतले, रक्त शिंपडले. सगळ्यांचा कर्ता राजा. दोनच वचने पुढे भाषा बदलते: राजाने उरीयाला आज्ञा केली की रोजची अर्पणे आता या मोठ्या वेदीवर कर. म्हणजे लेखकाला स्वतः करणे आणि करवून घेणे यातला फरक नीट ठाऊक आहे. नवी वेदी चालू करून देणे राजाचे काम, रोजचा राबता याजकाचा. आणि आहाजावर टीकेची झोड उठवणाऱ्या या लेखकाने 'हा वेदीवर चढलाच कसा' असा ब्रही काढलेला नाही.

असे का, ते इमारतीच्या नकाशावरून कळते. मंदिराच्या मुख्य दालनाला हिब्रूत 'हेखाल' म्हणतात. हा शब्द सुमेरी 'ए-गल', म्हणजे मोठे घर, यावरून अक्कादीमार्गे आलेला. त्याचा अर्थ राजवाडाही होतो आणि मंदिरही. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये, कारण आपले 'राऊळ' मुळात 'राजकुल' आहे आणि आपण मात्र विठोबाच्या राउळात जातो. यरुशलेमेत दोन्ही एकाच आवारात होते. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, बांधायला ७ वर्षे. शेजारचा राजवाडा बांधायला १३ वर्षे, आणि त्यातले 'लबानोनाचे वनगृह' हे एकटे दालनच १०० हात लांब. गंधसरूचे लाकूड दोन्हींना सोराचा (टायरचा) राजा हीराम याच्याकडून. आज ज्याला आपण 'शलमोनाचे मंदिर' म्हणतो ते त्या काळच्या माणसाला राजवाड्याला लागून असलेले राजाचे देऊळ दिसले असणार. यहेज्केल संदेष्ट्याला नंतर हीच गोष्ट खुपली. तो देवाच्या तोंडी तक्रार घालतो (४३:८) की त्यांनी आपला उंबरठा माझ्या उंबरठ्याला आणि आपली चौकट माझ्या चौकटीला लावली, मध्ये नुसती एक भिंत.

याजकही राजाचे नोकर. १ राजे ४ मधल्या मंत्र्यांच्या यादीत सादोक याजकाचा मुलगा पहिल्याच ओळीत आहे. अब्याथार याजकाने गादीच्या भांडणात चुकीच्या राजपुत्राची बाजू घेतली, तर शलमोनाने त्याला सरळ अनाथोथ गावी, त्याच्या शेतावर पाठवून दिले आणि सादोकाला त्याच्या जागी बसवले. ना सभा, ना चौकशी.

पैशाच्या बाबतीत हे नाते कसे चाले ते २ राजे १२ मध्ये इतके जवळून दिसते की मला तो अध्याय नेहमी एखाद्या संस्थेच्या ताळेबंदासारखा वाटतो. योवाश राजा याजकांना सांगतो की लोकांकडून येणारी चांदी तुम्ही घ्या आणि मंदिराची पडझड दुरुस्त करा. तेविसावे वर्ष उजाडते, एक भेग बुजलेली नसते. राजा यहोयादा याजकाला बोलावून विचारतो, काम का झाले नाही? उत्तर नाही. मग असे ठरते की याजकांनी चांदी हातात घ्यायचीच नाही. एक पेटी आणली जाते, झाकणाला भोक पाडले जाते, आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली जाते. दारावरचे याजक आलेली चांदी तिच्यात टाकतात. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे मिळून मोजतात, थैल्या बांधतात, आणि ती सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मुकादमांना देतात. चिटणीस एकटा नाही, याजक एकटा नाही, दोघे. ज्याने कुठल्याही देवस्थानाचा कारभार आतून पाहिला आहे त्याला या दोन सह्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. उलट बाजूही तितकीच खरी: अडचण आली की राजा मंदिराला हात घालत असे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब दारात आला तेव्हा हिज्कीयाने, या चांगल्यातल्या चांगल्या राजाने, मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढून दिले.

शलमोनानंतर राज्य फुटले, त्यातल्या उत्तरेच्या राज्यात तर आडपडदाच नव्हता. तिथला पहिला राजा यराबाम याने बेथेल आणि दान या दोन टोकांना सोन्याची वासरे बसवली, लेवी नसलेल्यांना याजक नेमले, आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी सण ठेवला आणि स्वतः वेदीवर चढला. अमोस संदेष्टा बेथेलात जाऊन बोलू लागला तेव्हा तिथल्या अमस्या याजकाने त्याला हाकलताना जे वाक्य वापरले (अमोस ७:१३) ते साऱ्या विषयाचे सार आहे: इथे भविष्य सांगू नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे, हे राज्याचे मंदिर आहे. परमेश्वराचे नाव त्याच्या वाक्यात येतच नाही. दान इथे उत्खननात मोठा दगडी चौथरा निघाला आहे, आणि तिथेच १९९३ मध्ये एका अरामी शिलालेखाचा तुकडा मिळाला ज्यावर 'दावीदाचे घराणे' हे शब्द आहेत. दावीदाचा बायबलबाहेरचा हा सर्वांत जुना उल्लेख, आणि तोही शत्रूच्या लेखात.

आता देवत्वाचा प्रश्न. राजा होताना इस्राएलात मुख्य विधी तेलाचा. मराठी बायबलात 'अभिषेक' शब्द येतो आणि आपल्या डोळ्यांपुढे कलश, नद्यांचे पाणी, दूध येते. ते पुसून टाका. इथे बैलाच्या किंवा मेंढ्याच्या शिंगात भरलेले जैतुणाचे तेल डोक्यावर ओततात. शलमोनाच्या वेळी सादोकाने ते शिंग पवित्र तंबूतून आणले, गीहोन झऱ्यापाशी तेल ओतले, शिंग फुंकले, 'शलमोन राजा चिरायू होवो' असा गजर झाला, आणि दावीदाच्या खेचरावर बसवून त्याला नगरात आणले. तेल लागलेला तो 'माशीयाख', अभिषिक्त. त्याच्या अंगाला हात लावणे पाप. शौलाच्या झग्याचा नुसता काठ कापल्यावरही दावीदाचे मन त्याला खाते. योवाशाच्या वेळी आणखी तपशील मिळतो: मुकुट आणि करारपट हाती दिला, आणि राजा 'रीतीप्रमाणे खांबाशी' उभा राहिला. मंदिरात राजाची ठरलेली उभे राहण्याची जागा होती, एक विशिष्ट खांब. योशीया राजाही पुढे याच खांबाशी उभा राहून करार करतो.

दुसऱ्या स्तोत्रातले 'तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला' हे याच समारंभातले वाक्य आहे असे मला वाटते. सगळा भार 'आज' या शब्दावर आहे. मिसरचा फारो जन्मतःच रे देवाचा पुत्र. दावीदाच्या वंशजाला गादीवर बसण्याच्या दिवशी दत्तक घेतले जाते. पंचेचाळिसाव्या स्तोत्रात कवी राजाच्या लग्नात वाहवत जाऊन त्याला 'एलोहीम' (देव) म्हणतो हे खरे, पण ते लग्नातले गाणे आहे. एकशेदहावे स्तोत्र आपल्या मुद्द्याला जास्त जवळचे: 'मलकीसदेकाच्या परीने तू कायमचा याजक आहेस' असे राजाला उद्देशून म्हटले आहे. मलकीसदेक म्हणजे उत्पत्ती १४ मधला शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. दावीदाने यरुशलेम जिंकले तेव्हा तिथल्या जुन्या राजा-याजक परंपरेवरही त्याने हक्क सांगितला, हे काही अभ्यासकांचे मत मला पटते, कारण अहरोनाच्या वंशात न बसणाऱ्या राजाला याजक म्हणायला दुसरा दाखला कुठून आणणार?

राजाला देव मानत असते तर मात्र त्याची पूजा, त्याची वेदी, त्याच्या नावचे अर्पण दिसायला हवे होते. काहीच नाही. उलट २ राजे ५ वाचा. अरामाचा सेनापती नामान कोड बरे करायला आलेला, सोबत राजाचे पत्र. ते वाचून इस्राएलाचा राजा कपडे फाडून ओरडतो, 'मारायला आणि जगवायला मी काय देव आहे?' आणि संदेष्टे राजाला तोंडावर सुनावतात: नाथान दावीदाला, एलीया अहाबाला. या अहाबाचे नाव आज कोणी घेत नाही, पण आपल्या कोकणातली बेने इस्राएली (यहुदी) घरे आजही मलिदा करताना एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे याच एलीया संदेष्ट्याचे, नाव घेतात.

(बाबेलोनसारखा नववर्षाचा मोठा उत्सव यरुशलेमेतही होता, त्यात राजा देवाची भूमिका करी, मरून पुन्हा उठे, असा सिद्धांत गेल्या शतकात बराच गाजला. स्तोत्रांतल्या 'परमेश्वर राजा झाला' या घोषापलीकडे त्याला आधार मिळत नाही. परीक्षेत लिहायला ठीक आहे.)

मग रेषा कधी आखली गेली? सुरुवात पूजा एका जागी गोळा करण्यापासून झाली, आणि ती खुद्द राजांनीच केली. हिज्कीयाने उच्च स्थाने काढली, पितळी सापही फोडला. नेगेवमधल्या अराद किल्ल्यात यहूदाच्या राज्यातलेच एक छोटे मंदिर सापडले, अंगणात कच्च्या दगडांची वेदी, आत गाभारा. त्याच्या पायरीवरच्या दोन धूपवेद्या आडव्या करून मातीखाली पुरलेल्या होत्या. ते हिज्कीयाच्याच हुकमाने झाले का यावर वाद आहे. मी त्या दोन वेद्या यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात पाहिल्या, गुडघ्याएवढ्या, वरच्या खोलगट भागात काळी खपली अजून शिल्लक. २०२० मध्ये तिचे पृथक्करण प्रसिद्ध झाले: एकीवर ऊद जनावराच्या चरबीत मिसळलेला, दुसरीवर गांजा शेणात मिसळलेला. वर्गात हे सांगितले की पुढची दहा मिनिटे गेलीच समजा. मला त्यात मोलाचे वाटते ते हे की 'धूप' हा शब्द आपण पुस्तकात वाचतो तो इतका खरा, इतका वासाचा होता.

योशीयाच्या अठराव्या वर्षी, साधारण इ.स.पू. ६२२, मंदिराच्या डागडुजीत हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो 'अनुवाद' नावाच्या, जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचा गाभा होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातला राजाविषयीचा कायदा (अनुवाद १७) जगावेगळा आहे. राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोने-चांदी साठवू नये. मग करायचे काय? लेवी याजकांच्या ताब्यातल्या प्रतीवरून नियमशास्त्राची नक्कल उतरवून घ्यायची आणि ती जन्मभर वाचायची. वेदी नाही, धूप नाही, आशीर्वाद नाही. मूळ प्रतही याजकांकडे.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास मंदिर जळाले, राजा डोळे फोडून बाबेलोनला नेला गेला. राजा उरला नाही, याजक उरले. यहेज्केलाने बंदिवासात भावी मंदिराचा आराखडा लिहिला त्यात राजाला 'मेलेख' न म्हणता बहुतेक 'नासी', अधिपती, म्हटले आहे. अर्पणांचा सगळा खर्च या अधिपतीने द्यायचा. शब्बाथाला (विश्रांतीच्या वारी) त्याने आतल्या अंगणाच्या दरवाजापर्यंत यायचे, चौकटीच्या खांबाशी उभे राहायचे, याजक त्याचे अर्पण करतील ते पाहायचे, उंबरठ्यावर नमन करायचे आणि परत फिरायचे (४६:२). पूर्वीच्या राजांचाही खांब होता. आता खांब दाराचा झाला.

आता उज्जीयाकडे या. राजांच्या पुस्तकात त्याचे नाव बहुतेक अजऱ्या असे येते. बावन्न वर्षे राज्य केले, चांगले केले, आणि 'परमेश्वराने राजाला ताडन केले, तो मरेपर्यंत कोडी होता' (२ राजे १५:५). कारण दिलेले नाही, धुपाचा शब्द नाही. इतिहासकार, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांचा लेखक, लिहितो पर्शियन अमलात, बहुधा इ.स.पू. चौथ्या शतकात, जेव्हा यरुशलेमेत राजा नाही आणि कारभार प्रमुख याजकाभोवती फिरतो. त्याच्या लेखणीचा नियम असा की शिक्षा आहे म्हणजे पाप असलेच पाहिजे. चांगल्या राजाला कोड का? त्याचे उत्तर म्हणून धुपाटणे हातात घेतलेला राजा, त्याच्यामागे ८० याजक घेऊन धावलेला मुख्य याजक (याचेही नाव अजऱ्याच), आणि 'धूप जाळणे तुझे काम नाही, अहरोनाच्या वंशातल्या याजकांचे आहे' हे वाक्य. गणना १६ मध्ये, याजकपणावर हक्क सांगणाऱ्या कोरहाच्या बंडानंतर दिलेल्या ताकिदीचाच हा पडसाद.

पण इतिहासकाराला सरसकट खोडणारा म्हणू नका. शलमोनाने गिबोनात हजार होमार्पणे केली हे तोही ठेवतो. त्याची रेषा नेमकी कुठे आहे ते एका जोडीत दिसते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या जोडीतच आहे. १ राजे ९:२५: शलमोन वर्षातून तीनदा वेदीवर अर्पणे करी आणि परमेश्वरासमोर धूप जाळी. २ इतिहास ८:१२: शलमोनाने 'द्वारमंडपासमोर बांधलेल्या' वेदीवर होमार्पणे केली. जागा वाढवली, धूप काढला. होमवेदी उघड्या अंगणात, तिथवर राजा चालेल. धूपवेदी हेखालाच्या आत, तिथे अहरोनाचा वंशज सोडून कोणी नाही. दावीद आणि शलमोन मंडपाबाहेर ठेवले गेले म्हणून सुटले. उज्जीया आत गेला.

याच्या उलट प्रकारही पुढे झाला. हसमोनी या यहुदी घराण्यातले प्रमुख याजक स्वतःच राजे झाले, पहिला अरिस्तोबुलस इ.स.पू. १०४ मध्ये. त्याचा भाऊ अलेक्झांडर यन्नई मांडवांच्या सणाला वेदीपाशी उभा असताना लोकांनी हातातली महाळुंगे त्याच्यावर फेकून मारल्याचे पहिल्या शतकातला यहुदी लेखक योसेफस लिहितो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात त्याला ऐकवलेले वाक्य आहे: राजमुकुट तुला पुरे, याजकपणाचा मुकुट अहरोनाच्या वंशाला राहू दे. उज्जीयाला अजऱ्याने ऐकवले तेच, फक्त आता ऐकणारा अहरोनाच्याच वंशाचा असल्याचा दावा करत होता.

राहता राहिले उज्जीयाचे शेवटचे. कोडी म्हणून त्याला राजांच्या कबरींत न पुरता शेजारच्या शेतात पुरले असे इतिहासकार सांगतो. १९३१ मध्ये जैतुणाच्या डोंगरावरच्या एका रशियन मठाच्या संग्रहात एक दगडी पाटी उजेडात आली. अक्षरे अरामी, काळ दुसऱ्या मंदिराचा, म्हणजे उज्जीयानंतर काही शतकांनी कोणीतरी ती कबर हलवली. पाटीवर एवढेच आहे: 'यहूदाचा राजा उज्जीया याची हाडे इथे आणली. उघडू नये.'